मघाचं पाणी

ड्रममध्ये बुडवलेली पट्टी हिरवट राहायला हवी होती, ती नारिंगी झाली. घडलं ते एवढंच. बुधवार, सकाळचे सव्वाअकरा, बॉयलरचा दाब नेहमीइतका, आभाळ गच्च. तपासणीला कोणी तरी येणार अशी कुणकुण लागली होती म्हणून किरणभाईंनी, म्हणजे आमच्या कापड रंगवायच्या मिलच्या सुपरवायझरांनी, मला स्क्रबर सुरू करायला सांगितलं होतं. स्क्रबर म्हणजे धूर धुण्याची टाकी. चिमणीत चढण्याआधी धूर तिच्यातून जातो, वरून फवारे पडतात, आणि पाण्यात कॉस्टिक सोडा घातलेला असला की धुरातला गंधकाचा आंबटपणा पाण्यात उतरतो. असं पुस्तकात आहे. बोअरची मोटर सकाळपासून बिघडली होती, म्हणून टाकी भरायला मी मिलच्या आवारातल्या उघड्या ड्रममधलं पाणी घ्यायचं ठरवलं. आठवडाभराच्या पावसाने तो काठोकाठ भरला होता. कॉस्टिक किती घालायचं ते ठरवायला आधी पाण्यात पीएचची पट्टी बुडवतात. पावसाचं पाणी, त्यात काय असणार, म्हणून मी डबीवरच्या रंगांच्या तक्त्याकडे न बघताच पट्टी बुडवली, आणि मग बघावं लागलं. साध्या पाण्याचा आकडा सातच्या आसपास असतो, त्याच्या जितका खाली तितकं पाणी आंबट. चार. दुसरी पट्टी, चार. रंगखात्यातला ड्रम, आधी त्यात काहीही असेल, अशी माझी मी समजूत घातली, चहाचा स्टीलचा ग्लास खळखळून धुतला आणि पाऊस आला तसा कठड्यावर ठेवून दिला. अर्ध्या तासात दोन बोटं पाणी जमलं. साडेचार. मी ग्लासात बोट बुडवून जिभेला लावलं. जिभेला काही कळलं नाही. चार आकडा जिभेला कळत नाही, हे मला सत्तेचाळिसाव्या वर्षी, तेवीस वर्षं बॉयलरसमोर उभं राहिल्यानंतर समजलं. आणि मग मला मायचा डोळा आठवला.

आमच्या शिंदखेड्याकडे मघा नक्षत्राच्या पावसाला मान आहे, आणि इथे सुरतेत गुजराती माणसंही तो मान देतात, त्यामुळे तीस वर्षांपूर्वी गाव सोडताना मायला हा एक नेम सोडावा लागला नाही. मघा लागली की उघड्यावर स्वच्छ भांडं ठेवायचं, पडेल ते पाणी फडक्यातून गाळायचं, काचेच्या बाटलीत भरायचं आणि वर्षभर डोळ्यांत घालायचं. ते नासत नाही, त्यात किडा पडत नाही, असं म्हणतात. नियम एकच: पाणी आभाळातून थेट भांड्यात यायला हवं. पागोळीचं चालत नाही, झाडाखालचं चालत नाही, वरून तार गेलेली असली तरी चालत नाही. कशालाही न शिवलेलं पाणी. लहानपणी बाजरीचं कुसळ गेलं की माय मला मांडीवर आडवं घेऊन दोन बोटांनी पापणी फाकवायची, आणि थेंब पडण्याआधीचा तो क्षण, वर लोंबणारा, फुगत जाणारा, आरपार दिसणारा थेंब, मला अजून आठवतो. पडल्यावर काय वाटायचं ते आठवत नाही. यंदा मघा लागली त्या सकाळी पितळेची परात मीच गच्चीवर नेली. मायच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन आठवडा झाला होता आणि डॉक्टरांनी तिला जिने चढायला बंदी केली होती. ती खालून, जिन्याच्या तोंडाशी उभी राहून सूचना देत होती. परात डुगडुगत होती म्हणून मी खाली विटेचा तुकडा सरकवला. ‘वर काही आड नही ना रे?’ तिने विचारलं. मी मान वर करून चारही बाजूंना नीट पाहिलं. केबलची तार परातीपासून लांब होती. पाण्याची टाकी कोपऱ्यात होती. पलीकडे, दोन प्लॉट सोडून, आमच्या मिलची चिमणी होती आणि तिच्यातून करडा धूर निघून ढगांत मिसळत होता. ‘काही नही,’ मी म्हणालो. खोटं बोललो असं नाही. चिमणी मला आड आल्यासारखी वाटलीच नाही.

डॉक्टरांचे थेंब मघाच्या दुसऱ्या दिवशी संपले. दीड महिना घालायचे असं त्यांनी लिहून दिलं होतं, म्हणजे नवी बाटली आणायला हवी होती. माय म्हणाली, आता दुकानातलं कशाला, मघा आली की. मी हो म्हणालो. हे वाक्य मी त्या दिवशी बॉयलरसमोर बसून पुष्कळ वेळा उलटसुलट करून पाहिलं: मी हो म्हणालो. मी अडाणी नाही. बॉयलरची सरकारी परीक्षा पास झालेला माणूस आहे, पोरीला दहावीपर्यंत विज्ञान मीच शिकवलं. पण मायच्या डोळ्यात मघाचं पाणी घालायचं, यात विचार करण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही. डॉक्टरांची रिकामी बाटली मी उकळत्या पाण्याने धुतली, तिच्यात मघाचं पाणी भरलं, म्हणजे घरात जेवढं शास्त्र होतं तेवढं वापरलं. सकाळी कामावर निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर मी घालायचो, दुपारी माझी बायको धनश्री. मायचे हात थरथरतात. ती खाटेवर आडवी व्हायची, मी दोन बोटांनी पापणी फाकवायचो. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘झोंबस रे.’ आणि मी थांबलो तर लगेच, ‘झोंबस म्हंजे लागू पडस. टाक.’ पाच दिवस. रोज तीन वेळा. पंधरा हा आकडा मी मनात काढला आणि मग आणखी काही मोजायला नको म्हणून दाबाच्या काट्याकडे पाहत बसलो.

मी घरी फोन लावला. ‘मायना डोया कसा शे?’

‘लाल शे,’ धनश्री म्हणाली. ‘सकायपासून पानी गयी ऱ्हायनं. त्या म्हनतीस, मघानं पानी घान भाईर काढी ऱ्हायनं.’

‘दुपारना थेंब टाकू नको.’

‘कसाले?’

‘टाकू नको. मी येस मंग सांगस.’

माझी पाळी तीनला संपते. पेटलेला बॉयलर सोडून जाता येत नाही, हे खरं आहे. पण बदली माणूस क्वार्टरमध्ये झोपलेला होता, मागितली असती तर सुट्टी मिळाली असती, हेही खरं आहे. मागितली नाही. मागितली असती तर कारण द्यावं लागलं असतं. तीन तास मी तिथेच होतो. पट्ट्यांची डबी खिशात ठेवून मी कोळसा टाकणाऱ्यांकडे, काट्याकडे, पाण्याच्या नळीकडे आळीपाळीने पाहत होतो. मन मात्र एका जुन्या गोष्टीत अडकलं होतं. परीक्षेच्या वेळी गंधकाचा धडा मला तोंडपाठ होता. लिग्नाइटमध्ये, म्हणजे आम्ही जाळतो त्या हलक्या कोळशात, गंधक असतो, जळला की वायू होतो, त्याला दमट हवा भेटली की तेजाब, म्हणजे ॲसिड, तयार होतं. म्हणून धूर चिमणीच्या तोंडापर्यंत गरम राहिला पाहिजे. आतच थंड झाला तर तेजाबाचं दव धरतं आणि चिमणीचं लोखंड खातं. उपाय लिहा, पाच गुण. मी पाचही उपाय लिहिले होते आणि परीक्षकाने तोंडी विचारल्यावर सहावा सांगितला होता. सगळे उपाय चिमणी वाचवण्याचे होते. चिमणीच्या तोंडाशी अभ्यासक्रम संपायचा. पुढे त्या धुराला दमट हवा भेटणारच, सुरतेत तिच्याशिवाय दुसरं काय भेटणार, हे कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर लिहायची मला सवय नाही. आमच्या सोसायटीतले कपडे वाळवायचे तारेचे दोर दर दोन वर्षांनी तुटतात. जिन्याचा कठडा दरसाल रंगवतो तरी त्याचे पोपडे निघतात. जुन्या वसाहतीतले जस्ताचे पत्रे चाळणी झाले होते. कोणी विषय काढला की मीच सांगायचो, समुद्राची हवा. समुद्र कडोदऱ्यापासून, म्हणजे आमच्या या वस्तीपासून, किती लांब आहे ते मला ठाऊक आहे. तरी सांगायचो, आणि ऐकणारेही मान हलवायचे.

आणि तो विनोद. तो तर माझाच. नऊ वर्षांपूर्वी मिलमध्ये स्क्रबर बसला तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात त्याचा पंप सारखा कुरकुर करायचा. किरणभाई वैतागले होते. मी म्हणालो, ‘किरणभाई, वरसादमां शेनुं स्क्रबर? वरचा मोठा स्क्रबर चालूच आहे की!’ आणि आभाळाकडे बोट दाखवलं. सगळे हसले. किरणभाई सगळ्यांत जास्त हसले, दोन दिवस ज्याला त्याला सांगत सुटले, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, लोटूभाईनी, म्हणजे माझी, वात साची छे, बंद करी दो. तेव्हापासून पावसाळ्याचे चार महिने आमचा स्क्रबर बंद असतो. वहीत मी दर दोन तासांनी टाकीतल्या पाण्याचा पीएच साडेसात लिहितो, स्क्रबर चालू असल्यासारखा. कधी सात पूर्णांक सहा दशांश, म्हणजे खरं वाटावं. खरं सांगायचं तर ते मला पटतही होतं. पाऊस धूर धुतो, हे डोळ्यांना दिसतं. सरीनंतर हवा कशी लखलखीत होते. धूर धुतलेलं पाणी कुठे जातं हा प्रश्न टाकीच्या बाबतीत मी शंभर वेळा सोडवला होता, त्याला गटार होतं, गटाराला परवाना होता. आभाळाच्या बाबतीत तो मला सुचला नाही. तपासणीवाले त्या दिवशी आले नाहीत. बोअरची मोटर दुपारी एकला सुरू झाली, पंप तासभर चालला आणि दोन वाजता किरणभाईंनी लांबूनच हात हलवला. मी बटण दाबून पंप बंद केला. माझ्याच बोटाने, आणि खिशात ती डबी असताना. मला त्या वेळी काय वाटलं हे मी नंतर आठवून पाहिलं. काही वाटलं नाही. घरी जायला एक तास उरलाय, एवढंच वाटलं.

घरी गेलो तेव्हा माय भिंतीकडे तोंड करून बसली होती, उजेड सहन होत नव्हता. डोळा लाल नव्हता, लालच्या पुढे गेला होता. मी रिक्षा आणली. इस्पितळात डॉक्टरबाईंनी दिव्याखाली पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि खुर्ची मागे सारून माझ्यावर ओरडल्या. ‘क्या डाला इसमें?’ मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. मी म्हणालो, ‘मॅडम, पानी में ॲसिड था. चार पीएच. मैंने चेक किया.’ हे मी का सांगितलं ते मला कळत नाही. कदाचित त्यांनी पोलिसासारखं माझ्याकडे पाहावं असं मला वाटत असेल. पण त्या थकलेल्या होत्या. ‘नींबू का दो होता है, भाई,’ त्या म्हणाल्या. ‘ॲसिड छोडो. जलन हुई होगी, माँजी ने आँख मसली होगी, जो भी हो. ऑपरेशन की आँख में नल का पानी भी नहीं जाना चाहिए. इन्फेक्शन है.’ म्हणजे धुराचा संबंध कोणी सिद्ध करू शकणार नव्हतं. पाण्यात जंतू होते, मायने डोळा चोळला होता, परात उघडी होती, थेंबांची नवी बाटली मी आणली नव्हती. माझा स्क्रबर या यादीत कुठेच नव्हता. मी सुटलो होतो. इस्पितळाच्या बाकावर बसून मला त्या सुटकेचा संताप आला, इतका, की शेजारच्या माणसाने विचारलं, पेशंट कोण आहे तुमचा? मायला चार दिवस ठेवून घेतलं, डोळ्यात इंजेक्शन दिलं. डोळा वाचला. नजर पुरती आली नाही. तिला दार दिसतं, दारात कोणी उभं आहे हे दिसतं. कोण ते आवाजावरून ओळखते. पुढे सुधारेल, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि लगेच म्हणाल्या, थोडं.

घरी आल्यावर मायने पहिलं काम काय केलं असेल, तर सोसायटीभर सांगत सुटली. मघाचं पाणी यंदा बाटलं, कोणी डोळ्यात घालू नका, माझ्या लोटूने मशीन लावून तपासलं. मशीन नाही, कागदाची पट्टी आहे, हे मी दोनदा सांगितलं. तिने मशीनच ठेवलं. रविवारी दुपारी बायका बाटल्या घेऊन दारात. सगळ्या आमच्या खानदेशच्या, कोणी शिरपूरची, कोणी नंदुरबारची, यांचे नवरे लूमवर किंवा रंगखात्यात. औषधाच्या बाटल्या, दारूच्या बाटल्या, एक तर गुलाबपाण्याची सुंदर निळी बाटली. माय डोळ्यावर हिरवं कापड बांधून खुर्चीत बसली होती, अगदी दवाखान्याच्या मालकिणीसारखी, आणि नाव पुकारत होती. धनश्री वाटीत थोडं थोडं ओतायची, मी पट्टी बुडवायचो. साडेचार. चार. पाच. साडेचार. बायका रंग बघून हळहळायच्या आणि पाणी मोरीत ओतून टाकायच्या. मला बरं वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. माझं मत कोणी विचारत आहे आणि मी ते देतो आहे, असं फार दिवसांनी घडत होतं.

शेवटी सुभद्राबाई पुढे आल्या. आमच्याच मजल्यावर राहतात. त्यांची बाटली लहान होती, तोंडाला फडकं बांधलेलं. ‘आठेनं नही ना हे,’ त्या म्हणाल्या. ‘मन्ही लेक रुक्मिणीनी धाडेल शे, बारडोलीकडून. तथा नुसता ऊसच ऊस शे, मील ना बिल. हे पानी चांगलं व्हई.’ मी पट्टी बुडवली. साडेचार. थोडी वाट पाहिली. तीच.

‘तथा कसं काय?’ सुभद्राबाईंनी विचारलं.

मग मी समजावून सांगायला लागलो. बरं सांगतो मी. कोळशात गंधक असतो, गाड्यांच्या धुरातही असतंच काही तरी, ते सगळं वर जातं, ढगात भिजतं आणि आंबट होतं. चिमण्या उंच बांधतात त्या एवढ्यासाठीच, की धूर वरच्या वाऱ्याला लागावा आणि लांब जावा. वाऱ्याला गावाची शीव नसते. या पट्ट्यात शेकडो मिली आहेत, हायवे आहे, कोणाचा धूर कुठे पडतो ते कोणीच सांगू शकत नाही. प्रत्येक शब्द खरा होता. बायका ऐकत होत्या. एकजण म्हणाली, मुडदा बशिवला त्या मीलवाल्यांचा. दुसरी म्हणाली, त्यांना काय, ते एसीत बसतात. मी मान हलवली.

मायला ते ऐकून माझा अभिमान वाटला असावा. चार बायकांत आपल्या मुलाचं काम नीट सांगितलं जावं अशी तिची फार जुनी हौस. तिने आवाजाच्या रोखाने माझ्याकडे तोंड वळवलं. ‘आनि हाई धूर धोवानं मशीन ऱ्हास ना मीलमा, तू सांगे ना? ते कोन दखस? सांग ना त्यासले. तूच दखस ना?’

मी हो म्हणालो असतो तर झालं असतं.

‘मीच दखस,’ मी म्हणालो. ‘पन ते बंद ऱ्हास. पावसायामा मी ते बंद ठेवस. नऊ वरिस झायात. वहीमा चालू लिखस.’

मोरीत कोणी तरी बाटली उपडी धरली होती, तिचा आवाज थांबला. धनश्रीने वाटी खाली ठेवली. माय तशीच माझ्याकडे तोंड करून बसली होती. तिला मी नक्की कुठे आहे ते दिसत नव्हतं, म्हणून ती माझ्या जरा डावीकडे बघत होती.

‘तुले ठाऊक नव्हतं का, धूर खाले येस ते?’ तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

‘ठाऊक व्हतं,’ मी म्हणालो. ‘माले वाटे, दूर जास.’

‘दूर कोन ऱ्हास, लोटू?’

सुभद्राबाईंनी केव्हाच कमरेचा फोन काढून कानाला लावला होता. आमच्यापैकी कोणाकडेही न बघता त्या मोठ्याने बोलत होत्या, लांबच्या माणसाशी बोलावं तशा. ‘रुक्मे? ऐक. ते मघानं पानी पोरना डोयामा टाकू नको, समजनं? ओती दे ते. ...काय? ...डोयामा टाकी दिधं? कवय टाकं?’